मैदानात दात पडला तर काय करायचं? आणि पोरांसाठी माऊथगार्ड कुठला?

पेठेतला_कोच
सीझन तोंडावर आलाय, आणि विषयही तोंडाचाच आहे. फुटबॉलची १४ वर्षांखालची १८ पोरं, त्यात दोन गोलकीपर. पेटीत थंड स्प्रे, क्रेप बँडेज, कापूस, आयोडीन, चिकटपट्ट्या असं सगळं आहे. शिनगार्ड नसेल तर पंच आत सोडत नाहीत, म्हणून नडगी सांभाळली जाते. दातांसाठी मात्र पेटीत काहीच नाही. नडगीचं हाड मोडलं तरी जुळतं, पक्का दात एकदा गेला की परत उगवत नाही, हे उलटंच झालं की. कॉर्नरला दोघं एका बॉलवर उडाले की एकाचं कपाळ आणि दुसऱ्याचे पुढचे दात एकाच उंचीवर येतात.
प्रश्न दोन. बाजारातले उकळून बसवायचे माऊथगार्ड चालतात, की डेंटिस्टकडून माप देऊनच करायचे? आणि दात मैदानातच पडला तर पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं? कुणी म्हणतं पाण्यात ठेवा, कुणी म्हणतं मिठात, कुणी रुमालात गुंडाळून थेट दवाखाना गाठा म्हणतं.

कट्ट्यावरचा
मिठात? दात हाय का लोणच्याची कैरी?

दाढ_आणि_दाद
दुसरा प्रश्न आधी घेतो, त्यात मिनिटं मोजावी लागतात.

पाणी, मीठ आणि कोरडा रुमाल, तिन्ही चूक. अख्खा दात मुळासकट बाहेर आला की मुळावर एक पातळ, ओलसर, किंचित गुलाबी पापुद्रा दिसतो. दात हाडाला धरून ठेवणारे धागे आणि त्यांच्या जिवंत पेशी त्यात असतात. दात पुन्हा रुजणार की नाही हे त्या पेशींवर ठरतं. कोरड्या हवेत अर्ध्या तासात त्यातल्या बहुतेक मरतात. तासाभरानंतर दात बसवता येतो, पण मग तो हाडाला थेट चिकटतो आणि काही वर्षांत मूळ झिजत जातं.

म्हणून दात उचलताना तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरायचं. मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर थंड दुधानं किंवा सलाईननं हलकेच धुवायचा. दोन्ही नसेल तर नळाखाली काही सेकंद, बस्स. घासायचा नाही, पुसायचा नाही, साबण किंवा डेटॉल लावायचं नाही. मग लगेच, तिथल्या तिथं, रिकाम्या खोबणीत परत बसवायचा. फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. हलक्या दाबानं शेजारच्या दातांच्या उंचीला आला की पोराला स्वच्छ रुमालाची घडी चावून धरायला सांगायची आणि डेंटिस्टकडे निघायचं. बसवायला धीर झाला नाही, किंवा पोरगं हात लावू देत नसेल, तर दात थंड दुधात टाकायचा. दूधही नसेल तर पोराला भांड्यात थुंकायला लावायचं आणि त्या लाळेत ठेवायचा. साधं पाणी अगदी शेवटी, दात कोरडा राहण्यापेक्षा बरं एवढंच.

पाण्याला एवढा विरोध का, तर पेशीच्या आतला खारटपणा बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतो. पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. दुधाचा दाब पेशीच्या दाबाच्या जवळ असतो आणि आम्लताही सोसण्यासारखी असते. मिठात बरोबर उलटं होतं, पेशी सुकते. कैरीचं जे होतं तेच.

कट्ट्यावरचा
दूध?! मग कोल्हापुरात कशाची काळजी. गंगावेशीत दूध कट्ट्यावर दात धरून उभं राहायचं, म्हैस समोरच हाय. धार थेट दातावर!

दाढ_आणि_दाद
@कट्ट्यावरचा, हसण्यावारी नेऊ नका, हा प्रश्न इथं खरंच कुणाला तरी पडणार. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कोमट आणि न तापवलेलं असतं. त्यात जंतू असू शकतात, आणि ऊब असली की ते झपाट्यानं वाढतात. आपल्याला थंड, पाश्चराइज्ड, बिनसाखरेचं दूध पाहिजे. फ्रिजमधली साधी अर्ध्या लिटरची पिशवी झाली काम. गायीचं की म्हशीचं यानं फरक पडत नाही. दुसरं काहीच हाताशी नसेल तर कट्ट्याचं दूधही पाण्यापेक्षा आणि कोरड्या रुमालापेक्षा बरं. पण ताक, दही, मसाला दूध, बदाम शेक यातलं काही नको. ताक आंबट असतं, त्यात पेशी टिकत नाहीत.

रंकाळा_फेरी
शहाळ्याचं पाणी चालतं असं ऐकलंय.

दाढ_आणि_दाद
त्यावर प्रयोगशाळेतले अभ्यास झालेत, निकाल एकसारखे नाहीत. शहाळं थोडं आम्लधर्मी असतं. शहाळं फोडेपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी येते.

लाल_माती
आमच्याकडचं सांगतो. तालमीतली माती म्हणजे रस्त्यावरची धूळ न्हवं. हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली माती असती. हळद हाय म्हंजे जंतू मेलेलेच. दात मातीत पडला तरी उचलून लावायला काय हरकत?
आणि माऊथगार्ड घालून कुस्ती? दम लागल्यावर पैलवान तोंडानं श्वास घेतो. तोंडात रबर कोंबलं तर गडी दोन मिनिटात बसंल.

वॉर्ड_नंबर_३
@लाल_माती वस्ताद, मातीचा मान राखून सांगते. हळदीनं धनुर्वाताचे जंतू मरत नाहीत. ते मातीतच असतात, बीजरूपात वर्षानुवर्षं तग धरतात. तोंडात जखम आणि त्यात माती असं झालं की शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं हे विचारायचंच. माती लागलेल्या जखमेत शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर डॉक्टर सहसा पुन्हा देतात. तालमीच्या वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढे ती तारीख लिहून ठेवायला काहीच खर्च नाही.

आणखी एक. दातापाशी जाण्याआधी डोकं बघा. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, दोन-दोन दिसतंय का, एकच प्रश्न परत परत विचारतोय का. यातलं काही असेल तर दात दुधात टाकून मुलाला आधी हॉस्पिटलला न्यायचं. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात दात बसवायला जायचं नाही, तो घशात जाईल. तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नसतील तर जबड्याचं हाड मोडल्याची शंका धरायची.
पडलेला दात सापडलाच नाही तर ‘गेला कुठं तरी’ म्हणून सोडू नका. तो गिळलेला असू शकतो, श्वासनलिकेत गेलेला असू शकतो, फाटलेल्या ओठात रुतलेला असू शकतो. त्यासाठी एक्स-रे लागतो. खोकला थांबत नसेल तर क्षणभरही थांबू नका.

दाढ_आणि_दाद
+१. शोधाशोधीवरून एक सांगायचं राहिलं. कधी कधी दात पडलेलाच नसतो. समोरून मार बसला की तो वर हाडात घुसतो आणि हिरडीच्या रेषेवर नुसती कड दिसते, तीही रक्तानं झाकलेली. अकरा जण गवतात दात शोधत बसतात आणि दात पोराच्या तोंडातच असतो. असा दात ओढून खाली आणायचा प्रयत्न करू नका. तिरका झालेला किंवा लोंबणारा दातही मैदानात मुरगाळून सरळ करत बसू नका. रुमाल हलका चावून धरायचा आणि त्याच दिवशी दवाखाना.

दात तुटून तुकडा पडला तर तुकडा जपून आणा, बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो. इथं मात्र पाणी चालतं! तुकड्यावर जिवंत पापुद्रा नसतो, तो नुसता सुकू द्यायचा नाही. सुकलाच असेल तर चिकटवण्याआधी आम्ही तो वीसेक मिनिटं पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवतो. म्हणजे अख्खा दात दुधात, तुकडा पाण्यात. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे, उद्यावर ढकलू नका. आणि तिथं लवंगाचं तेल चोळू नका, हिरडी भाजते.

पोरांची_आई_मंगळवार
दुधाचा दात पडला तरी हेच करायचं का? माझा धाकटा पाच वर्षांचा आहे, मोठ्याच्या मागे मैदानात असतो.

दाढ_आणि_दाद
नाही. दुधाचा दात परत बसवायचा नाही. वर पक्क्या दाताची कळी तयार होत असते, तिला इजा होते. पुढचे वरचे पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. पाचव्या वर्षी पुढचा दात पडला तर तो दुधाचाच. कोच साहेबांच्या १२-१३ वर्षांच्या पोरांचे पुढचे दात पक्केच असणार, सुळ्यांच्या मागच्या दाढांत एखादी दुधाची उरलेली असते. ओळखायचं तर पक्का दात मोठा, किंचित पिवळसर आणि लांब मुळाचा. दुधाचा छोटा आणि अगदी पांढरा.

लॅबवाला
आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ का? दुधाच्या नादात गार्ड राहून गेला.

माऊथगार्ड तीन प्रकारचे. एक तयार, प्लास्टिकच्या नालेसारखा. तो नुसता तोंडात अडकवायचा, दात मिटून धरला तरच राहतो. तो घेऊच नका. दुसरा उकळून बसवायचा. तिसरा माप घेऊन केलेला, ज्यासाठी आम्ही मरतो.

मापाचा गार्ड बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. अल्जिनेटचं, म्हणजे दातांवर दाबून घट्ट होणाऱ्या ओल्या लगद्याचं, माप घेतलं की ते ओल्या कापडात गुंडाळून लगेच त्यात साचा ओतला पाहिजे. टेबलावर तासभर पडलं की ते सुकून आकसतं, आणि मग मॉडेल खोटं निघतं. गार्ड तोंडात ‘बसतो’ पण धरत नाही. साचा डेंटल स्टोनचा, म्हणजे कडक प्लास्टरचा. त्यावर ईव्हीए नावाच्या मऊ प्लास्टिकची चकती तापवून ओढतात. चकती मशीनमध्ये मऊ होऊन मध्ये सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लोंबली की खाली घ्यायची. आधी घेतली तर दातांच्या फटीत उतरत नाही, उशिरा घेतली तर दातांच्या टोकावर कागदासारखी होते.

इथंच सगळी गोम आहे. ४ मि.मी.ची चकती ओढली की पुढच्या दातांवर ती ४ राहत नाही, निम्म्यापर्यंत उतरू शकते. मारामारीच्या खेळासाठी पुढे निदान ३ मि.मी., चावण्याच्या जागी २, टाळूच्या बाजूला १ अशी जाडी सुटली पाहिजे. म्हणून दोन थर चढवतो, पहिल्यावर दुसरा, प्रेशर मशीनवर. आणि गार्ड मॉडेलवरच पूर्ण थंड होऊ द्यायचा. घाईनं गरम काढला की वाकडा.

वरची कड ओठ आणि हिरडीच्या घडीपासून २ मि.मी. खाली थांबवायची, ओठ हिरडीला जोडणाऱ्या मधल्या पडद्याला खाच द्यायची. मागे पहिली मोठी दाढ तरी झाकली पाहिजे. त्याहून मागे नेला की ओकारी येते, आणि मग पोरगं गार्ड मोज्यात ठेवतं.

पेठेतला_कोच
@लॅबवाला, एवढं १८ पोरांना? आणि त्यांची तोंडं वाढतायत की. सहा महिन्यांत शूजचा नंबर बदलतो, गार्डचं काय?

लॅबवाला
हे खरं आहे, आणि माझा धंदा असूनही सांगतो. १२-१३ वर्षांत सुळे आणि त्यामागचे दात येत असतात. आज घट्ट बसलेला गार्ड चार महिन्यांत येणाऱ्या दातावर टेकतो. येणाऱ्या दाताभोवती आम्ही मॉडेलवर जागा सोडू शकतो, पण तेही काही महिन्यांपुरतंच.

हॉकीची_शिट्टी
म्हणून या वयाला उकळून बसवायचा गार्ड वाईट नाही. वाईट असते ती बसवायची पद्धत. मुलींच्या हॉकी टीमकडून बसवून घेताना दहापैकी सात जणी एकच चूक करतात. गार्ड गरम असताना जोरात चावतात. पुढचे दात आरपार जातात, टोकावर पापुद्रा उरतो. आणि मार लागणार तो तिथंच.

पद्धत अशी. पाणी उकळलं की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबायचं. गार्ड झाऱ्यावर ठेवून आत सोडायचा, पाकिटावर लिहिलेले सेकंदच, घड्याळ बघून. जास्त ठेवला तर आकार जातो. बाहेर काढून थंड पाण्यात एक-दोन सेकंद, नाहीतर टाळू भाजते. आरशासमोर वरच्या दातांवर, मधली खूण दोन पुढच्या दातांच्या मध्ये. आता चावायचं नाही, दात फक्त हलके टेकवायचे. ओठ मिटून जोरात चोखायचं, गालाबाहेरून अंगठ्यांनी वरच्या बाजूला दाबायचं, आतून जीभ टाळूला दाबायची. वीस-तीस सेकंद. मग काढून थंड पाण्यात एक मिनिट.

परीक्षा सोपी. तोंड उघडल्यावर आपोआप खाली पडला तर पुन्हा. घातलेला असताना स्वतःचं पूर्ण नाव आणि ‘ऑफसाइड’ म्हणता आलं पाहिजे. शेवटी काढून पुढची जागा बोटांच्या चिमटीत धरून बघा. पलीकडचं बोट जाणवलं तर तो गार्ड बाद. मागे लांब असेल तर कात्रीनं थोडं-थोडं कापा, एकदम नाही.

शिट्टी_माझी_वेगळी
नावावरून गोंधळ नको, मी फुटबॉलचा पंच. नियम ४ मध्ये शिनगार्ड सक्तीचे आहेत, माऊथगार्ड नाही. पण घालायला बंदीही नाही, दुसऱ्याला धोका होईल असं काही नसलं म्हणजे झालं. आणि रक्त येत असलेला खेळाडू बाहेर जातो. रक्त थांबलंय आणि जर्सीवर नाही याची खात्री झाल्याशिवाय आत येत नाही. तेव्हा ‘सर, दोन मिनिटं राहिलीत, राहू द्या’ असं म्हणत बसू नये. पेठांची ईर्षा गॅलरीत ठेवा.

कट्ट्यावरचा
गॅलरीतच तर जास्त दात पडत्यात.

यष्टीमागे
थोडं विषयांतर. क्रिकेटचा सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम, हॉकीचा १५६ ते १६३. वजनाला भाऊ-भाऊच. तरी हॉकीत गार्ड घालायची पद्धत आहे आणि क्रिकेटचा कीपर स्पिनरला यष्टीजवळ उभा राहतो तो उघड्या तोंडानं. बॅटची कड लागून चेंडू वर उडाला की डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही. जवळ उभं राहायचं तर कीपरला जाळीचं हेल्मेट पाहिजेच.
आणि हेल्मेट घेताना टोपीचं टोक आणि जाळीची वरची सळई यांच्यातली फट बघा. २०१३ च्या ब्रिटिश मानकात चेंडू त्या फटीतून आत जातो का हे तपासलं जातं. जुन्या हेल्मेटची जाळी ढिली करून ‘जास्त दिसतंय’ म्हणून फट वाढवतात, त्यानं हेल्मेटचा अर्थच जातो. गल्लीत टेनिस बॉलला चालून जातं, सीझन बॉलला नाही.

पोरांची_आई_मंगळवार
मोठ्याला ब्रेसेस आहेत. त्यावर उकळून बसवायचा गार्ड चालेल का? ऑर्थो डॉक्टर म्हणाले खेळ थांबवू नका, पण गार्डबद्दल काही बोलले नाहीत.

दाढ_आणि_दाद
साधा उकळून बसवायचा नको. मऊ प्लास्टिक तारेभोवती घट्ट बसतं, काढताना ब्रॅकेट निघून येतं. शिवाय दात सरकत असतात आणि गार्ड त्यांना जुन्या जागी धरून ठेवतो. ब्रेसेससाठी आत पन्हाळीसारखी मोकळी जागा असलेला वेगळा गार्ड मिळतो, किंवा माप घेताना तारांवर मेण लावून जागा सोडून करतात. दर एक-दोन भेटींना बसतोय का बघायचं. ब्रेसेसवाल्यांना गार्डची गरज उलट जास्त. मार बसला की ओठाची आतली बाजू तारांवर चिरते.

आणि ज्यांचे वरचे दात पुढे आहेत त्यांची नावं कोच साहेबांनी आधी काढावीत. खालच्या आणि वरच्या दातांत ३ मि.मी.पेक्षा जास्त अंतर असेल तर मार लागायचा धोका साधारण दुप्पट असतो. ओठ मिटत नसतील तर त्याहून वाईट, ओठ हीच पहिली उशी. पोरगं शांत बसलेलं असताना दात दिसतात का, एवढं लांबूनही कळतं.

लाल_माती
माझ्या दुसऱ्या मुद्द्याला कुणी हात घातला न्हाई. श्वासाचं काय?

हॉकीची_शिट्टी
वस्ताद, बरोबर बसलेल्या गार्डमधून नाकानं आणि तोंडानं दोन्हीकडून श्वास येतो. दम कोंडतो तो दात मिटून धरावा लागणाऱ्या तयार गार्डमध्ये. म्हणूनच वर @लॅबवाला म्हणाले तो घेऊ नका. सरावात आधी वॉर्मअपपुरता घालायचा, मग हळूहळू वेळ वाढवायची. लढतीच्या दिवशी पहिल्यांदा घातला तर कुणीही काढून टाकणार. बॉक्सिंगवाले तेवढाच दम काढतात आणि त्यांना सक्ती आहे.

लाल_माती
कुस्तीत डाव पकडताना टकरा बसत्यात हे खरं. कान मुडपलेला पैलवान मिरवतो, दात पडलेला पैलवान मात्र गुपचूप तोंडावर हात ठेवतो. बघू, मॅटवरच्या पोरांपासून सुरू करतो. मातीत पडलेला गार्ड परत तोंडात घालणार न्हाई एवढं नक्की.

यष्टीमागे
गार्डनं डोक्याला होणारी इजाही टळते म्हणतात, त्याचं काय?

वॉर्ड_नंबर_३
असं सांगून विकतात. दात, ओठ आणि जबडा यांच्यासाठी फायदा पक्का आहे. मेंदूला बसणारा हिसका गार्ड थांबवतो याला तसा भक्कम आधार नाही. गार्ड घातलाय म्हणून डोक्याच्या माराकडे दुर्लक्ष झालं तर गार्ड नसलेलाच बरा.
दातांचं बोलायचं तर न्यूझीलंडच्या रग्बीचं उदाहरण घ्या. तिथं १९९७ आणि ९८ मध्ये टप्प्याटप्प्यानं गार्ड सक्तीचा केला. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या इजांचे विम्याचे दावे ४३ टक्क्यांनी उतरले.

रंकाळा_फेरी
बसवलेल्या दाताचं पुढं काय? म्हणजे डॉक्टरकडं गेल्यावर संपलं का?

दाढ_आणि_दाद
तिथून सुरू होतं. दात शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेनं बांधतात, तार ०.४ मि.मी.पर्यंतची. मुद्दाम थोडी हलणारी ठेवतात, घट्ट आवळून ठेवलेला दात हाडाला चिकटतो. दोन आठवडे तार. मूळ पूर्ण तयार झालेलं असेल तर त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनाल सुरू करावं लागतं. ‘दुखत नाही’ म्हणून हे टाळलं की मेलेल्या नसेतला जंतुसंसर्ग मूळ खायला लागतो. मुळाचं टोक अजून उघडं असेल, म्हणजे लहान वयात, तर नस पुन्हा जिवंत होते का याची वाट बघता येते.
दोन आठवडे मऊ जेवण. तांबडा-पांढरा चालेल, पण नळी चोखायची नाही. मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं दिवसातून दोनदा चूळ, झटापटीचा खेळ बंद. तपासणी दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि नंतर निदान पाच वर्षं दर वर्षी. नुसता मार बसून जागेवर राहिलेला दातही काही महिन्यांनी करडा पडू शकतो, म्हणून त्यालाही एकदा दाखवाच.

कट्ट्यावरचा
दोन आठवडे बिन नळीचा तांबडा. ह्यापेक्षा दात गेलेला परवडला 😭

लॅबवाला
गार्ड सांभाळायचं पण सांगा कुणीतरी. गरम पाण्यात धुतला की गेला. गार पाणी, मऊ ब्रश, थोडा साबण, कोरडा करून भोकं असलेल्या कडक डबीत. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला गार्ड संध्याकाळी पापडासारखा निघतो. पोरं चघळतात, कडेला भोक पडलं की बदला. एकमेकांचा घालायचा नाही हे सांगावं लागतं, खरंच सांगावं लागतं.

पेठेतला_कोच
बरं, मी असं ठरवलंय. चूक असेल तर बोला.
१४ पोरांना उकळून बसवायचे, एका रविवारी सगळ्यांचे एकत्र, झारा आणि घड्याळ घेऊन. तिघांना ब्रेसेस आहेत, त्यांचे डेंटिस्टकडून. एकाचे दात बरेच पुढे आहेत, त्याचंही माप. सीझनच्या मध्ये एकदा सगळ्यांचे तपासणार. पेटीत सलाईनच्या दोन छोट्या बाटल्या, निर्जंतुक गॉज, हातमोजे, झाकणाची डबी. पिण्याच्या पाण्याच्या बर्फपेटीत साध्या दुधाची एक पिशवी. झाकणाच्या आत कागद चिकटवणार: डोकं बघ, पांढरा भाग धर, बसव, नाहीतर दूध. खाली शाहू स्टेडियमपासून जवळच्या दोन डेंटिस्टचे नंबर, रविवारी फोन उचलणारे.

दाढ_आणि_दाद
नंबर आधी एकदा रविवारी लावून बघा. कागदावर ‘दुधाचा दात बसवू नको’ हेही घाला. बाकी बरोबर. पिशवी दर सामन्याला ताजी, आणि ती बर्फात गोठू देऊ नका.

शिट्टी_माझी_वेगळी
आणि पिशवीवर मार्करनं मोठं ‘दातासाठी’ लिहा. नाहीतर हाफटाइमला तिचा चहा होतो.

कट्ट्यावरचा
लिहिलं तरी हुतोय. दोन पिशव्या ठेवा.